सुनेच्या हातचं

१८ जून

आज आईची, म्हणजे माझ्या सासूची, शेगडी काढली. नळी नवऱ्यानं, तुषारनं, सोडवली, शिव्या मी खाल्ल्या. आमच्या घरात कामाची वाटणी अशीच आहे.

दूध जळणं रोजचंच झालं होतं. परवा मात्र गॅस नुसताच सुरू होता, वर भांडं नाही, खाली जाळ नाही, आणि आई शेजारी बसून गवार मोडून राहिली होती. पांढुर्णा जिल्हा झाला, सगळे बोर्ड बदलले, पण डोक्याचा डॉक्टर पाहाले नागपूरलेच जावं लागते. गेलो. अल्झायमर म्हणाला. आईले म्हणाला, "काही नाही, वयाचं आहे." मले म्हणाला, "रोजची नोंद ठेवा, आणि त्यांच्याशी वाद घालू नका." आमच्या लग्नाले तेरा वर्ष झाले, आईशी वाद कधी घातलाच नाही. घातला असता तर काही बोलणं तरी झालं असतं.

म्हणून ही वही. सौंसरच्या शाळेत मी पोट्ट्यायले 'मला-तुला' शिकवते. सध्या रजेवर आहे आणि इथं कोणी तपासणार नाही, मी मले-तुलेच लिहीन.

तर आमच्या एका घरात दोन सैपाकखोल्या. पुढची आईची, मागची माझी. मी रामाकोन्याची, बौद्धाची. हे लोक कोणते ते लिहीत नाही, पांढुर्ण्यात कोणालेही विचारा, जो तो स्वतःले वरचाच सांगते. आई माझ्या हातचं खात नाही. पाणीही पेत नाही. पण भांडून नाही हो! "स्नेहा, तू तुझं कर, मी माझं करते," इतक्या गोडीत, की बाहेरच्याले वाटावं सासू सुनेले आराम देऊन राहिली. माझा चहाचा कपही वेगळा. हिरव्या काठाचा, मागच्या सपरीत, उघड्या पडवीत, खिळ्याले टांगलेला. ही अक्कल मोहगावच्या छाया मावशीची, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीची.

नात मात्र चालते. आमची सुप्रिया नवोदयच्या होस्टेलात जाईपर्यंत आजीच्याच ताटात जेवली. माझ्या पोटातून आली ती चालते, माझ्या गंजातून आलेलं वरण चालत नाही.

२४ जून

त्याईच्या जातीतली सैपाकीण शोधून आणली होती. आज गेली. आईनं तिच्यावर कवळी चोरल्याचा आळ घेतला. बाई रडत निघून गेली, मंग कवळी साखरेच्या डब्यात सापडली. लोकाची कवळी चोरून ती बिचारी करणार काय होती?

तुषार म्हणे, "आता कसं?" मी म्हटलं, "आता मी." तो दुकानात निघून गेला. तुषार चांगला माणूस आहे. बियाणं-खताच्या दुकानात दिवसभर शेतकऱ्याईचे सल्ले घेत-देत बसते, पण घरात दोन बाया समोरासमोर आल्या की त्याले एकदम गिऱ्हाईक आठवते.

२५ जून

ताट वाढून आईपुढे ठेवलं. भाकर, गवारीची भाजी, वरण. तिनं विचारलं, "कोणी केलं?"

"मी."

"तू कोण?"

"स्नेहा."

ताट सरकवलं. रागानं नाही, बोटाच्या टोकानं, हळूच. दिवसभर उपाशी राहिली. संध्याकाळी तुषारनं केळं आणलं ते खाल्लं.

नवरा मेलेला तिच्या ध्यानात नाही. सकाळचा चहा ध्यानात नाही. न्हाणी कोणत्या बाजूले आहे हे ध्यानात नाही. माझी जात ध्यानात आहे. डॉक्टर म्हणाला होता, जुनं शेवटी जाते.

हे मी डॉक्टरले दाखवणार नाही, म्हणून लिहून टाकते. मले सोनं नको, पुढची सैपाकखोली नको. एकदा, फक्त एकदा, मी स्नेहा आहे हे माहीत असून तिनं माझ्या हातचा घास खावा. मंग ती गेली तरी चालन, मी गेली तरी चालन. आणि हे काही प्रेमबीम नाही. हिशोब म्हणा, हट्ट म्हणा.

६ जुलै

कमाल झाली. दुपारी ताट घेऊन आत गेली तर आई मले पाहून उठूनच बसली.

"छाया! कवा आली व मोहगावहून?"

माझ्या हातात ताट. डॉक्टरचा शब्द, वाद घालायचा नाही. माझ्या तोंडातून निघून गेलं, "आत्ताच आली ना, ताई."

"सैपाकही केला? बस, दमली असशील." दोन भाकरी खाल्ल्या. वरण मागून घेतलं. ताट बोटानं पुसून खाल्लं माय!

सगळ्यात मजा म्हणजे मी तिले 'तू' म्हटलं. "तू खाय ना व ताई, लाजते कायले?" सासूले अरेतुरे करायची चैन गल्लीत कोणत्या सुनेले आहे सांगा. रात्री तुषारले सांगितलं. तो खूश, "चला, प्रश्न सुटला." त्याचा सुटला. आई जेवली, छायाच्या हातचं. माझं ताट अजून सरकवलेलंच आहे.

११ जुलै

आज हाव सुटली. ती चांगली हसून-खेळून जेवत होती, म्हटलं आता सांगून पाहावं. "ताई, मी छाया नाही, मी स्नेहा आहे." तोंडातला घास तिनं हातावर काढून ताटाच्या कडेले ठेवला. मंग रात्रीही काही खाल्लं नाही. तुषार माझ्यावर पहिल्यांदा ओरडला, "तुले तुझं नाव मोठं की माझी माय?"

 उद्यापासून छाया.

२० जुलै

छाया होण्यात एक धोका आहे, बहिणी-बहिणी गोष्टी करतात.

मी पुऱ्या लाटत होती, आई मागच्या सैपाकखोलीत येऊन पाटावर बसली. म्हणे, "छाया, माझी सून पाह्यली का तू?"

म्हटलं, "पाह्यली. कशी आहे व?"

"कामाची आहे. पोट्टीले शिकवलं चांगलं. तुषारले सांभाळते. मी बिमार होती तं रात्रभर उशाशी बसून होती."

लाटणं थांबलं माझं. मी विचारलं, "मंग तिच्या हातचं काहून खात नाही?"

आई इकडंतिकडं पाहून हळूच बोलली. "आता कशी खाऊ? आता खाल्लं तं आतापर्यंत काहून नाही खाल्लं, हे कोण सांगन? लोकं हासतीन ना व. तीही हासन."

मी हासली नाही. मले संताप आला. म्हणजे बाटण्याची भीती कवाचीच गेली होती आणि ही बाई फक्त लाजेपायी शेगड्या दोन ठेवून बसली होती! मी पुरी इतकी दाबली की ती पोळपाटाले चिकटली. आई म्हणे, "पीठ लाव." लावलं. डोळ्यात काय गेलं होतं कोणास ठाऊक, पीठच असन.

१० ऑगस्ट

महालक्ष्म्या जवळ आल्या. या घरात तीन दिवस मुखवटे मांडतात, सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा नैवेद्य. ते तीन दिवस मी दरवर्षी पाहुणी असते. पुढच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून "पाणी आणू का" विचारायचं आणि "नको, राहू दे" ऐकायचं.

यंदा आई रोज म्हणून राहिली, "छाया, यंदा सगळं तुलेच करावं लागते, माझ्यानं होत नाही." तुषारचं म्हणणं, फोटो ठेवून भागवू. आई तेवढ्यापुरती अशी शहाणी झाली की काय सांगू. "बापाच्या वेळपासून मांडतो, फोटो ठेवते मेला!"

आता गंमत पाहा. ज्या दारातून मले आत येऊ देलं नाही, ते दार उघडलं, आणि माझाच पाय अडला. मी बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्याची पोरगी. आम्ही देवीबिवी मानत नाही. रामाकोन्याले बापूजीले फोन लावला. माझे बापूजी विहाराचं सगळं पाहतात, आणि या घरी कधी पाणी पेले नाहीत. म्हणतात, जिथं पोरीचा कप वेगळा तिथं बापाची तहान बाहेर. मले वाटलं झापतीन.

 पण ते म्हणे, "तिले खाऊ कोण घालते सध्या?"

"मीच."

"मंग शिजव. पुरण शिजवाले प्रतिज्ञा आड येत नाही, हात जोडाले येते. हात कामात ठेवजो."

२३ ऑगस्ट

आज गोटमार, पांढुर्ण्याची दगडफेकीची जत्रा. दुकान बंद, तुषार घरी. आई दिवसभर विचारत होती, एवढा गलका कायचा. सांगितलं की विसरायची, पुन्हा विचारायची. शेवटी तुषार म्हणे, "लोकं एकमेकायले गोटे मारून राहिले, आई." आई म्हणे, "काहून? काय बिघडलं त्याईचं?" 

छाया मावशीचा फोन आला. महालक्ष्म्यायले येते म्हणे, सैपाक मीच करते, "तू टेन्शन घेऊ नको स्नेहा, तू बाहेरचं पाहा." खरी छाया येऊन राहिली. माझी नोकरी गेली म्हणायची.

३१ ऑगस्ट

आजचं कसं लिहू? 

तुषारनं शेगडी पुन्हा बसवून देली होती. सकाळी मी पुढच्या खोलीत, आई दारात पाट टाकून पहाऱ्याले. मावशी बसनं आली, नवी साडी, हातात फुलोऱ्याचा डबा. अंगणातूनच, "ताई व! मी आली!"

आईनं तिले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. मंग एकदम गोड आवाजात, तोच आवाज, मले चांगला ओळखीचा, "मागून ये माय. इकडून नको. आत सैपाक चालू आहे."

मावशी हासली. "अवं ताई, मी छाया."

"छाया आत आहे. पुरण घालून राहिली. तू मागं सपरीत बस, चहा पाठवते." आणि मले, "छाया, ती रामाकोन्याची आली व. तिच्या कपात चहा दे तिले."

तिचा कप! खिळ्यावरून आईनं स्वतः काढला, इतक्या दिवसात तिले चमचा सापडत नाही, तो कप बरोबर सापडला. आणि मावशी चालली गेली बापा मागं. काय करन? दारात ताई उभी, गल्लीतल्या बाया पाहून राहिलेल्या.

हा प्रसंग मी मनात किती वर्ष रंगवला होता. मावशी सपरीत, हातात हिरव्या काठाचा कप, आणि मी आत. नेमका तसाच मिळाला. चहा घेऊन मागं गेली तर मावशी पायरीवर बसून होती, डबा मांडीवर, आणि तिच्या डोळ्यातून धार लागलेली. "स्नेहा, सख्खी बहीण व मी तिची. मले सपरीत बसवलं." मले हासू आलं. खरंच आलं, खोटं कायले लिहू? पण तोंडापर्यंत येऊन तिथंच बसलं.

मी तिच्या बाजूले पायरीवर बसली. म्हटलं, "प्या मावशी. काही होत नाही त्या कपानं. मी पाह्यलं आहे पिऊन."

मावशीनं माझ्याकडं पाह्यलं. कपाकडं पाह्यलं. चहावर साय धरायले लागली, तवा ती पेली.

१ सप्टेंबर

पहाटेपासून सैपाक. आई दारातून हलायले तयार नाही, रामाकोन्याची आत आली तर विटाळ. म्हणजे मावशी. मले तर आंबीलीत ज्वारीचं पीठ किती आणि ताक किती हेही माहीत नाही. शेवटी मावशी मागच्या खिडकीखाली स्टूल टाकून बसली आणि गजातून सांगत गेली. "आता भोपळा टाक. अंबाडी आखरीले. हलव ना व, खाली लागन!" मी आत हलवते, मावशी बाहेर घामाघूम. मधात आई ओरडली, "त्या सुनेले सांग, खिडकीत नको उभी राहू, नैवेद्यावर नजर पडते." मावशी खाली वाकली. मीही वाकली, हासू लपवाले.

आरतीच्या वेळी आई म्हणे, "छाया, हात जोड." माझे हात कोपरापर्यंत पुरणात. बापूजी हुशार माणूस आहे.

पंगत बसली. सोळा भाज्यायची भाजी पाहून शेजारची जयश्रीकाकू म्हणे, "बाई बाई, ही चव! सैपाक कोणी केला?" तुषार पाणी वाढाले पळाला. मी वरण वाढत राहिली. आईनं मान ताठ करून सांगितलं, "छायानं." सगळ्या बाया मावशीकडं वळल्या, मोहगावच्या हाताची तारीफ सुरू. मावशीनं मान खाली घातली. लोकायले वाटलं लाजली. आंबील तिनं दोनदा मागून घेतली, माझ्याकडून, माझ्याकडं न पाहता.

३ सप्टेंबर

मावशी गेली. जायच्या आधी तिनं तो कप घासूनपुसून पुढच्या खोलीतल्या मांडणीवर ठेवला. माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि बस पकडाले घाई करून निघाली. मले वाटलं आता मले एकदम हलकं वाटन. नाही वाटलं. मले काही मावशीकडून नव्हतं पाहिजे.

२ ऑक्टोबर

बापूजी आज दीक्षाभूमीले गेले, मी यंदाही नाही. आई दोन पावलं चालली की बसून जाते. बोलणं कमी झालं. 'छाया' म्हणते अधूनमधून, पण तुषारलेही छाया म्हणते आणि पंख्यालेही. रजा पुन्हा वाढवली. हेडबाई म्हणाल्या, "सासूसाठी कोण इतकं करते आजकाल?" मी म्हटलं, "माझं काम बाकी आहे तिच्याकडं." त्याईले वाटलं मी इस्टेटीचं बोलून राहिली.

१६ नोव्हेंबर

आज दुपारी वरणभात कालवून चारत होती. ती घासाकडं पाहत नव्हती, माझ्याकडं पाहत होती.

"तू कोण व?"

"छाया. तुझी बहीण."

"कोण छाया?"

 तुषारचं नाव घेतलं, नाही. सुप्रियाचं घेतलं, नाही. ओळखीची गावं घेतली, मोहगाव म्हटलं, तिच्या चेहऱ्यावर काहीच हाललं नाही. खोटं सांगाले आता नावच उरलं नव्हतं. हात तसाच हवेत, भात गार होऊन राहिलेला. आणि मी सांगून टाकलं. पुन्हा 'तुम्ही'वर येऊन सांगितलं.

"मी स्नेहा, आई. तुमची सून. तुषारची बायको. रामाकोन्याची, बौद्धाची. हा भात मी शिजवला."

 आता बोट येईन, ताट सरकन, आज-उद्या उपाशी. डॉक्टर म्हणाला होता, आता एक दिवसाचा उपासही झेपणार नाही. मीच मूर्ख, मलेच धीर धरवत नाही.

तिनं माझ्याकडं पाह्यलं. हाताकडं पाह्यलं. आणि तोंड उघडलं.

खाल्लं. दुसरा घास. पुन्हा, "तू कोण व?" पुन्हा सांगितलं, स्नेहा, तुमची सून. पुन्हा तोंड उघडलं. जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा सांगितलं आणि तितक्या वेळा तिनं खाल्लं. मले वाटलं होतं, या दिवशी मी तुषारले हाक मारीन, बापूजीले फोन लावीन, गल्लीत पेढे वाटीन. काहीच नाही केलं. जिच्याकडून मले पाहिजे होतं ती कवाचीच निघून गेली. भूक तेवढी मागं राहिली, आणि भुकेले काय विचारायचं, तिले कोणाचंही चालते. मी रडली नाही. चारत राहिली. चारायचंच तर आहे रोज, तिनं ओळखलं काय आणि नाही काय. आज हे पहिल्यांदा वाटलं, आणि वाटलं तर काही दुखलंही नाही.

वाटी संपत आली तर आई थांबली. तोंड वाकडं केलं. कपाळाले आठी घातली, जुनी, घरची, सासूची.

"स्नेहा," म्हणे, "मीठ नाही व याच्यात. काय सैपाक करते तू!"

गल्लीतल्या सगळ्या सुना हे रोज ऐकतात आणि मागं बोटं मोडतात. मले आज पहिल्यांदा कोणी म्हटलं.

मी वाटीतलं चाखून पाह्यलं. मीठ बरोबर होतं.

"हो आई, चुकलंच माझं," म्हटलं, आणि उठून मीठ आणाले गेली.